आप्पांचं तीनचाकी गाडं

शेजारच्या आप्पांकडून आमचा लोणच्याचा डबा परत आला, तेव्हा झाकणापासून खाली डब्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढलेली होती. बायकोला वाटलं, हळदीचा हात लागला असेल. तिने घासून पाहिलं, पण रेघ काही निघेना. मला मात्र ती ओळखीची वाटली. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे नट आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यावर अशीच रंगाची रेघ मारतात. पुढे नट ढिला झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. त्यांच्या दारातून आमच्या दारात, म्हणजे सात-आठ पावलांत, डबा कुणी उघडला नाही याचा पुरावा आप्पांनी सोबत पाठवला होता.

आप्पा म्हणजे बबनराव. मूळचे महाळुंग्याचे. जमीन तुकड्यातुकड्याने कंपन्यांत गेली आणि तेही एका कंपनीत फिटर म्हणून गेले. जन्मभर नट आवळले, रिटायर झाले आणि थेरगावात आमच्या सोसायटीत तळमजल्यावर, आमच्या शेजारी राहायला आले. येताना पिवळा मार्कर बरोबर घेऊन आले. गॅसच्या सिलिंडरवर रेघ, मीटरच्या पेटीवर रेघ, पाण्याच्या पिंपावर रेघ. शनिवारी मारुतीला जायचे तेव्हा चपला शेजारी शेजारी काढून दोन्हींवरून खाली फरशीवर एक रेघ मारायचे. दर्शन घेऊन आल्यावर आधी रेघ बघायची, मग पाय घालायचा. पुजाऱ्याने एकदा विचारलं, तर म्हणाले, देवावर माझा भरवसा हाय, भक्तांवर न्हाई.

कुणी काहीही सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तोंडावर जाऊ नका, रेघ बघा."

आता खरं सांगायचं तर मीही काही भोळा नाही. माझा पगारच संशयाचा आहे. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे एका रविवारी टेम्पोतून दोन मेलेल्या डर्ट बाईक आल्या, डोंगरात पळवतात तसल्या उंच, काटेरी टायरच्या, आणि आप्पांनी त्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकल्या, तेव्हा माझे कान टवकारले. कारण आप्पांना मोटारसायकल येत नाही. मोटारसायकल सोडा, सायकलही येत नाही. सगळी नोकरी कंपनीच्या बसने केली, आणि त्या बसमध्येही ड्रायव्हरच्या मागे बसून त्याचे हात बघत राहायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

मग रोज ठोकाठोक सुरू झाली. एका बाईकचं पुढचं धूड, दुसरीचं इंजिन, मागे कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणलेला आडवा दांडा आणि त्याला दोन जाडजूड चाकं. हळूहळू ताडपत्रीखाली तीन चाकांचं काहीतरी उभं राहिलं. मी सहज गेल्यासारखं करून जवळ उभा राहिलो की आप्पा हातातलं काम थांबवून नुसते माझ्याकडे बघत राहायचे. मी गेल्यावर माझ्या बाजूचे सगळे नट पुन्हा तपासायचे. हे मी आमच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, म्हणजे टेहळणी दोन्ही बाजूंनी चालू होती.

एकदा मी सरळच विचारलं, कुणासाठी बनवताय. तर म्हणाले, गाडं माझं न्हाई, मी निस्ता कारागीर. एवढं बोलून त्यांनी ताडपत्री ओढली.

झालं. सोसायटीला एवढं पुरे होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मते ते गाडं रात्री नदीतली वाळू उपसायला जाणार होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांना खात्री होती की बाईक चोरीच्या आहेत. शिवाय आप्पांची बायको, इंदूबाई, दोन वर्षांत कुणाला दिसली नव्हती. दार नेहमी वीतभरच उघडायचं. त्यावरून बायकांनी काय काय तर्क केले ते मी इथे लिहीत नाही. मीटिंग झाली आणि ठराव झाला की सेक्रेटरीने गाडं तपासावं आणि ते धोकादायक निघालं तर रविवारपर्यंत भंगारात द्यावं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. अखेर ताडपत्री अधिकृतपणे उचलता येणार होती.

शनिवारी मी कारखान्यातला लाल कागद घेऊन पार्किंगमध्ये गेलो. आमच्याकडे माल नापास झाला की त्यावर कारणं लिहून हा कागद बांधतात. आप्पा बाजूला हात बांधून उभे. मी ताडपत्री काढली आणि तपासायला लागलो. काम बघून मनातल्या मनात चाट पडलो. वेल्डिंग असं की आमच्या कारखान्यातही क्वचित दिसावं. प्रत्येक नटावर पिवळी रेघ. पण चुका मात्र ढोबळ होत्या. मी एकेक लिहीत गेलो. गिअर बदलायला दांडी नाही. किक नाही, नुसतं बटण. हँडलच्या डाव्या मुठीवर काहीच नाही. ब्रेक, ॲक्सिलेटर सगळं उजव्या मुठीला. सीट एकच, तीही खुर्चीसारखी पाठीची आणि पट्ट्याची. डावीकडे पाय ठेवायला खोका, त्यालाही पट्टा. खाली ठळक लिहिलं, "नियंत्रण अपुरं, चालवण्यास धोकादायक". सही केली आणि लाल कागद हँडलला बांधला.

आप्पांनी चष्मा लावून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं.

"रिपोर्ट बरोबर हाय सायेब," ते म्हणाले. "पर तुमी ड्रायवर न्हाई बघितला."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं दार माझ्यासाठी पुरतं उघडलं. खिडकीशी खुर्चीत इंदूबाई बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला, डावा पाय पाटावर. लकव्याने डावं अंग गेलं होतं. माझ्या लाल कागदावरची एकेक चूक त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन चिकटत होती. इतकी वर्षं मी माल तपासतोय, पण तो कुणासाठी बनलाय हे न विचारता सही केल्याची लाज मला त्या दिवशी वाटली.

बोलल्या मात्र त्या खणखणीत. शेती बघायच्या त्या, आप्पा नव्हे. आप्पा कंपनीत नट आवळत होते तेव्हा ट्रॅक्टर चालवायच्या त्या. सगळी जमीन गेली, तरी कारखान्याच्या कंपाउंडमागे एक पट्टा उरलाय. तिथे जायला भिंत आणि ओढा यांच्यामधली खडकाळ पायवाट तेवढी आहे, तिच्यावरून चारचाकी जात नाही. पट्टा भावकी कसते आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगते. आप्पा जाऊन फोटो काढून आणतात.

"फोटूत बांध सरकलेला कळतो व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् ह्यांना बांधातलं काय कळतंय?"

मी म्हटलं, चार पोरं मिळून तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेतील की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो शब्द मागे घ्यावासा वाटला.

"चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन मी. त्याला अजून येळ हाय."

मी पार्किंगमध्ये गेलो, लाल कागद सोडला आणि त्याच्या मागे लिहिलं, "तपासणी ड्रायव्हर न बघता केली, सबब रद्द". मीटिंगला तेच वाचून दाखवलं. वाळूवाले कुलकर्णी खाली मान घालून बसले.

पुढच्या रविवारी सकाळी टेम्पोत गाडं आणि मी, रिक्षात इंदूबाई आणि आप्पा, अशी वरात महाळुंग्याला निघाली. पायवाटेच्या तोंडाशी आप्पांनी त्यांना गाड्यावर बसवलं, पट्टे बांधले आणि सगळ्या रेघा तपासल्या. पुन्हा तपासल्या. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा इंदूबाईंनी बटण दाबलं. गाडं गुरगुरलं, एकदा हिसका देऊन पुढे झालं आणि दगडांवरून डुलत चाललं. आप्पा पान्यांची पिशवी घेऊन मागे धावले. वीस-पंचवीस पावलं गेले असतील. मग इंदूबाईंनी मूठ पिळली, गाडं भिंतीच्या वळणाआड गेलं आणि आप्पा थांबले.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बंद पडला.

मी धावायला निघालो, तर आप्पांनी माझं मनगट धरलं.

"पडली न्हाई. बटनानं बंद केलंय, आवाज वळखतो मी." ते एका दगडावर बसले. "दोन वर्सं झाली सायेब, तिला मी कुटं एकटीला जाऊ दिलं न्हाई. न्हाणीतसुदिक न्हाई. कशी राहिली आसंल? बसू द्या जरा एकटी."

मीही शेजारी बसलो. आप्पा दोनदा उठले, दोनदा बसले. ज्या माणसाने सात पावलांचा भरवसा कधी कुणाला दिला नाही, तो एका वळणाकडे नुसता बघत होता. मी ओढ्याकडे तोंड केलं.

बऱ्याच वेळाने पलीकडे इंजिन पुन्हा सुरू झालं. मी उठून उभा राहिलो. पण आवाज आमच्याकडे येईना. तो चढाला लागला होता आणि लांब लांब जात होता. आप्पांनी बाहीने डोळे पुसले आणि जागचे हलले नाहीत.

"वरचा बांध बघाय चालली," ते म्हणाले.