टाकीतली दुर्मिळ जात

"अहो, नळातून तुमच्यातलंच कोणीतरी आलंय." बायकोनं पातेलं पुढे केलं. पाण्यात एक लालचुटूक अळी वळवळत होती.

कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका किड्याच्या अळ्या त्यांनी लांबच्या तलावातून आणून गच्चीवर टबांत वाढवल्या होत्या. टबांना लागूनच सोसायटीची पाण्याची टाकी होती. तरी ते म्हणाले, "छे! अशा लाल अळ्या छप्पन्न जातींच्या असतात. नुसतं बघून ओळख पटत नाही. गुणसूत्रं तपासावी लागतात."

"मग तपासा. तोवर चहा बंद."

कॉलेजात जाऊन त्यांनी अळीची लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जाडजूड गुणसूत्रं आणि त्यांवरचे आडवे पट्टे, सगळं ओळखीचं! हरवलेलं पोर भलत्याच्या दारात सापडावं, तसा त्यांना आनंदही झाला आणि घामही फुटला.

संध्याकाळी चेअरमन दारात हजर. हातातल्या ग्लासात अळ्या, मागे अर्धी सोसायटी. "सर, तुम्ही यातले जाणकार. ही घाण कुणाची, तेवढं सांगा. त्याचं बिऱ्हाडच हलवतो."

बिऱ्हाडाचं नाव निघताच प्राध्यापकांची जीभ भलतीकडे वळली. "घाण काय म्हणता! अतिशय दुर्मिळ जात आहे ही. आजवर जगात एकाच तलावात सापडलीय."

"आणि आता आपल्याकडे?" चेअरमनांनी ग्लास दोन्ही हातांनी अलगद धरला.

दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप लागलं आणि फाटकावर पाटी: 'दुर्मिळ किड्यांचं माहेरघर'. टाकी धुणारी माणसं आल्या पावली परत गेली. रहिवासी स्वतः पाणी गाळून पीत. पाहुण्यांना मात्र न गाळता, अभिमानानं दाखवत.

प्राध्यापकांच्या घरी चहाचा पत्ता नव्हता. शेवटी बायकोनंच दटावलं, "जा आणि खरं काय ते सांगून मोकळे व्हा."

"टाकी धुवून घ्या हो," त्यांनी चेअरमनांपुढे हात जोडले. "ते किडे माझ्या टबांतून उडालेत. पट्ट्याला पट्टा जुळतोय!"

चेअरमनांच्या कपाळावर आठी पडली. "वा सर! टाकी आमची, पाणी आमचं, आणि नाव तेवढं तुमचं?"

"नाव नको हो, शिव्या द्या!"

"ते नंतर बघू. आधी तुमचे टब गच्चीवरून उतरवा."

"आता का?"

"तुमच्या पाळीव किड्यांशी सोयरीक जुळली, तर आमची जात बिघडेल."