‘पाहणे’चे अर्थ

कोशकाकांना दिसेनासं झालंय, हे त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिला त्यांनी गप्प राहायची सक्त ताकीद दिली होती. शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांची हयात गेली होती. हातात ‘प’चा खंड होता. डोळ्यांचं कळलं असतं, तर तो गेलाच असता. म्हणून काम घरी आणायचं, आपण सांगायचं आणि काकूंनी लिहायचं, असा चोरीचा मामला सुरू झाला.

त्या दिवशी शब्द आला ‘पाहणे’.

“लिही. व्युत्पत्ती. कोणी ‘पश्य्’पासून मानतात, कोणी ‘प्रेक्ष्’पासून. अर्थ पहिला, डोळ्यांनी जाणून घेणे. उदाहरण, तो चंद्राकडे पाहतो.”

“तुम्हाला दिसतो का चंद्र?”

“अर्थ दुसरा,” काकांनी आवाज चढवला, “सांभाळणे. ती घर पाहते. अर्थ तिसरा, प्रतीक्षा करणे. तो वाट पाहतो.”

“डॉक्टरांकडे कधी जायचं?”

“पाहतो. अर्थ चौथा...”

“काल दुधाच्या पातेल्यात पाय घातलात. परवा खुंटीवरच्या कोटाला ‘या, बसा’ म्हणालात!”

“अगं, पाहतो म्हटलं ना! तू लिही.”

काकू लिहीत राहिल्या. पेन नेहमीपेक्षा जोरात चालत होतं. काकांना वाटलं, हिला कामाची गोडी लागली.

दोन-चार दिवसांनी मुख्य संपादक बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं.

“काका, जरा ‘पाहणे’ वाचून दाखवता?”

नोंद तोंडपाठ होती. कागद नाकासमोर धरून त्यांनी ती घडाघडा म्हटली.

बाईंनी कागद हळूच काढून घेतला.

“आता यात काय लिहिलंय ते मी वाचते. ‘अर्थ चौथा, टाळणे. डॉक्टरांचं नाव काढलं की हे पाहतो म्हणतात. अर्थ पाचवा, अंत पाहणे. उदाहरण, माझा. अर्थ सहावा, न पाहवणे. हे भिंत चाचपत मोरीकडे जातात, ते मला पाहवत नाही.’”

काका खुर्चीची पाठ शोधू लागले. “खंड काढून घेणार असाल, तर...”

“देऊ कुणाला? दोघं नोकरी सोडून गेले. तुम्हाला काढायलासुद्धा दुसरा माणूस लागेल.” बाईंनी रजेवर सही केली. “आजच डॉक्टरांकडे जा. आणि सहावा अर्थ आपल्याकडून सुटलाच होता. तो राहू दे.”

डॉक्टरांनी चांगलंच झापलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधांवर टिकली तर टिकेल, म्हणाले.

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. वाटभर काकूंवर ओरडायचं काकांनी ठरवलं होतं. पण जन्मभर शब्दांत राहिलेल्या माणसाला एक शब्द सापडेना.

“पुढचा शब्द कोणता?” शेवटी काकूंनीच विचारलं.

“पाहुणा.”

“मग उदाहरण तयार आहे. यांची नजर थोड्या दिवसांची पाहुणी आहे.”

काका घसा खाकरून म्हणाले, “‘पाहुणी’ चालणार नाही. शब्द पुल्लिंगी आहे. उदाहरणही पुल्लिंगी पाहिजे.”

“बरं. मग नजर काढते, तुम्हाला घालते.”

काका मोठ्याने हसले. शेजारी काकूंचे खांदे हलत होते. काकांना वाटलं, तीही हसतेय.