लिफ्टचं गाणं आणि ओले रुमाल

माझ्या तोंडात उरलेल्या सातही दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! बाकीचे दात ज्यांनी उपटले ते डॉक्टर स्वतः तिथे हजर होते. त्यांच्याच हॉलमध्ये हे सगळं घडलं. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा, आणि गेलाच आहात तर दाढ दाखवून या.

आता मुद्द्याचं. गाणं आवडणं ही काही मोठी गोष्ट नाही. भांडी घासताना, बसची वाट बघताना कुणालाही आवडतं. पण ते आपल्याला किती खोलवर आवडलंय हे शेजारच्या खुर्चीला एक शब्दही न बोलता कळवणं, याला संस्कृती लागते. आणि संस्कृती म्हटली की मंडळ आलंच.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू गाणी लिहितो, चाल लावतो आणि गिटार घेऊन एकटाच म्हणतो. (दिवसा तो टाइल्सच्या दुकानात टाइल्स दाखवतो. हे मंडळात बोलायचं नसतं.) कधीकाळी त्याला एक मुलगी सोडून गेली होती. तिच्यावर त्याने इतकी गाणी केली की पुढेपुढे त्याला तिचं नाकसुद्धा आठवेना. मंडळाला मात्र सगळं आठवत होतं. आपण गरम कपडे जसे डांबराच्या गोळ्या घालून ठेवतो ना, तसं त्याचं दुःख त्या लोकांनी जपून ठेवलं होतं. तोच विसरायला बघायचा.

मंडळाची मैफल खासगी असते. खासगी म्हणजे हॉलमध्ये मावतात त्याहून थोडी जास्त माणसं आणि पंखा बंद. (पंख्याने वेदना विस्कटते.) टाळ्या वाजवायला सक्त मनाई. दाद द्यायचे मान्य प्रकार तीन: उसासा, "हं", आणि नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना डॉक्टर हलवतात तशी मान हलवणं. उसाशांचं खातं एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे आहे. त्यांना सगळे उसासेबाईच म्हणतात. त्यांचा उसासा शेवटच्या रांगेतल्यांचे केस हलवतो. गाणं संपलं की शांतता पाळायची, आणि ती जो पहिल्यांदा मोडेल तो उथळ. एकदा कुणीच मोडेना. शेवटी खाली कुणीतरी चुकीची बेल दाबली म्हणून माणसं घरी गेली. ती मैफल मंडळाच्या इतिहासात सर्वोत्तम मानली जाते.

डोळे मिटणं ऐच्छिक आहे, पण सगळ्यांनी मिटायचे असतात. मी पाहणी केली आहे. नव्वद टक्के लोक डोळे मिटून असतात, आणि उरलेले दहा टक्के कोणी मिटले नाहीत ते बघत असतात.

तर झालं काय, हा नातू एकदा लिफ्टमध्ये अडकला. दुकानाच्याच इमारतीत, दोन मजल्यांच्या मधोमध. लिफ्ट दुरुस्त करणारी मुलगी आली, तिने पाना घालून दार फाकवलं आणि याचा हात धरून वर खेचलं. खेचताना याची पँट खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. ती हसली. मग हाही हसला. (याला हसता येतं हे त्याच्या आईला तेव्हा नव्याने कळलं.) पुढे दोघांचं लग्न ठरलं.

पण पोरीला मनात एक गोष्ट खटकत होती. त्याची जुनी गाणी ऐकून ती मला म्हणाली, "आजी, हा माणूस अजून त्या पहिल्या मुलीतच अडकलाय का हो? लिफ्टमधून काढलं मी, पण तिथून कसं काढणार? तसं असेल तर मला आत्ताच कळू दे."

हे मी त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "मला बोलून दाखवता येत नाही गं आजी. मी तिच्यावर गाणं केलंय. रविवारी मैफलीत म्हणतो, तू तिला घेऊन ये."

रविवारी दुपारी ती कामावरूनच आली, हत्यारांची पिशवी मांडीवर, बोटांना ग्रीस. आम्ही शेजारी शेजारी बसलो. याने गिटार लावली आणि सुरू केलं:

ना वर होतो, ना मी खाली,
अन् पाना घेऊन कुणीशी आली,
हात धरून तिनं ओढलं वर,
अर्धी पँट खिळ्यावर!

मी खो खो हसले. ती पण हसायला लागली होती, पण तेवढ्यात डाव्या बाजूने "हं" आलं. मग उजवीकडून. डॉक्टर मान हलवत पुटपुटले, "ना वर, ना खाली… आपण सगळेच." 'पँट' या शब्दावर उसासेबाईंनी असा उसासा सोडला की पडदा हलला. "आयुष्याने लाजसुद्धा ठेवली नाही हो याची," त्या म्हणाल्या. रुमाल निघाले.

"आजी, प्लीज हसू नका," मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. "त्याच्या आत काहीतरी तुटतंय."

"तुटलं नाहीये, फाटलंय," मी म्हटलं. "पँट."

नातवाने गाणं थांबवलं. "अहो, हे आनंदी गाणं आहे."

"हं," सगळा हॉल म्हणाला.

"खरंच! मी मजेत आहे!"

"किती लपवतोय!" उसासेबाईंना हुंदका आवरेना. तो जितका समजावून सांगे तितके लोक जास्त रडत. शेवटी बिचारा दात दाखवून हसला. डॉक्टरांनी ते हसू तज्ज्ञ नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "वरून चकचकीत आहे. कीड खोल आहे."

मग उसासेबाई त्या पोरीकडे वळल्या. आवाज अगदी मऊ. "ताई, राग मानू नका. पण याला सुखी करू नका. लग्न झालं तर फायदा तुम्हा दोघांचाच. इथे एवढ्या माणसांनी काय ऐकायचं?"

"निदान पुढचा अल्बम होईपर्यंत लांबवा," डॉक्टर म्हणाले. ही मंडळाची तडजोडीची भूमिका होती.

पोरीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सरळ याला विचारलं, "ए, यांचं राहू दे. तू सांग. माझ्याबरोबर सुखी आहेस ना तू?"

एका अक्षराचं उत्तर होतं: हो. पण इतकी वर्षं याच लोकांपुढे बसून बसून त्याला वळण लागलेलं. त्याने डोळे मिटले. मान खाली घातली. आणि पॉझ घेतला.

"बोल ना," ती म्हणाली.

याची बोटं आपोआप तारांवर गेली. एक उदास सूर वाजला. तो अजून विरला नव्हता, तोवर ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. जिन्याने. (लिफ्ट चालू होती.) तिला थांबवायला कुणी उठलं नाही, कारण उठलं की खुर्ची वाजते. लग्न मोडलं.

पुढच्या मैफलीत त्याने 'जिना' नावाचं गाणं म्हटलं. उसासेबाईंना धरून खाली न्यावं लागलं. मंडळाने एकमताने कलाकाराचं हार्दिक अभिनंदन केलं.

बरं, आता सात दातांचा प्रश्न आहे म्हणून एक सांगून टाकते. तो पॉझ तेवढा मी घातला. बारीकसाच तपशील, पुढचं सगळं मग आपसूक झालं. खरं तर पोरीने विचारल्या विचारल्या तो म्हणाला, "हो गं, आहे की. आणि भूक लागलीये." ती म्हणाली, "मग चल." लग्न झालं, पोट सुटलंय त्याचं. पुढच्या मैफलीला दोनच माणसं होती, मी आणि डॉक्टर. डॉक्टर घर त्यांचंच म्हणून होते, आणि पेपर वाचत होते. पंखा चालू होता. मंडळाने आता दुसरा मुलगा धरलाय. त्याचे वडील नुकतेच वारलेत. मंडळाला फार आशा आहेत.

पण ती जिना उतरून गेली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात "हं" म्हणालात. नाही कशाला म्हणता, मला ऐकू आलं. आणि आत्ता ती दोघं सुखात आहेत म्हटल्यावर जरा हिरमोड झाला, तोही दिसला. मंडळाला अशाच माणसांची गरज आहे. रविवारी या. रुमाल आपापला आणायचा.