परकारचाचा बर्फाची तयारी करतात

परकारचाचांना बहरीनहून रत्नागिरीला जायचं असलं की आदल्या दिवशी ते एकदा विमानतळावर जाऊन येत. रिकाम्या बॅगा गाडीच्या टपावर बांधून, चाचींना तयार करून शेजारी बसवून, घड्याळ लावून. दाराशी बॅगा उतरवायच्या, परत चढवायच्या आणि घरी. "एकवीस मिनिटं. एक सिग्नल लाल लागला," हे मग जिन्यात भेटेल त्याला सांगायचं.

चाचा जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन होते. तिथं आगीची ड्रिल व्हायची. भोंगा वाजला की आग नसतानाही सगळ्यांनी पळायचं. चाचांनी ती पद्धत अदलिया भागातल्या आमच्या इमारतीत आणली. "आधी ड्रिल, मग यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. चाचींचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना पॅसेजमधून तीनदा फिरवून आणलं. चाची मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत होत्या. माझ्या तोंडी परीक्षेच्या आधी चाचा स्वतः परीक्षक झाले. कोट घालून आले, एकही प्रश्न विचारला नाही, नुसते रोखून बघत बसले. "भीती वाटली? झाली ड्रिल."

मला हा माणूस कळायचा नाही. मी मुळात कमी बोलायची. मराठी समजायचं, पण उत्तर बहुतेक इंग्लिशमध्ये निघायचं. बाबांना विचारलं की ते म्हणत, "परकारसाहेबांचं गणित वेगळं असतं."

एक गोष्ट मात्र इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांची एकुलती एक मुलगी, रुख्साना, कॅनडात शिकायला गेली आणि यांना न विचारता तिथंच लग्न करून मोकळी झाली. पुढची तीन वर्षं तिचा फोन आला की चाचा ठेवून देत. मग तिचे फोन आमच्याकडे येऊ लागले. चाची "साखर हाय काय?" म्हणत यायच्या, आमच्या सोफ्यावर बसून फोनवर रडायच्या, हसायच्या आणि साखर न घेताच परत जायच्या.

त्या वर्षी तिचं पत्र आलं. मुलगा झालाय, डिसेंबरात दोघंही या. घराजवळ बर्फाची छोटी टेकडी आहे, सगळे मिळून स्की करायला जाऊ. चाचांनी पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी लीव्हचा अर्ज टाकला. व्हिसाही आला. बहरीन सोडून निघालेला एक युरोपियन इंजिनियर घरातलं सामान विकत होता. लोक फ्रिज आणि पडदे घेऊन आले, चाचा स्कीच्या दोन लांबलचक पट्ट्या घेऊन आले.

"शुक्रवारी सखीरला यायचं," त्यांनी आम्हाला सांगितलं. "फॅमिली ड्रिल."

सखीर म्हणजे आमचं वाळवंट. थंडीच्या दिवसांत लोक तिथं तंबू ठोकून राहतात. तेलाच्या पाइपांच्या पलीकडचं एक टेकाड चाचांनी हेरून ठेवलं होतं. नोव्हेंबर असूनही ऊन चटके देत होतं. चाचा गाडीतून उतरले ते माकडटोपी, दोन स्वेटर आणि वेल्डिंगचे हातमोजे घालून. स्कीचे खास बूट मिळाले नव्हते, म्हणून यार्डातले लोखंडी टोकाचे बूट त्यांनी नायलॉनच्या दोरीनं पट्ट्यांना बांधले.

"परकारसाहेब, बर्फावर माणूस घसरतो. वाळूत रुततो," बाबा म्हणाले.

"मग बराच हाय. वाळूवर जमला तर बर्फ काय, फुकट!"

"नातवाला बघायचं सोडून हॉस्पिटलात जाल," चटई अंथरता अंथरता चाची म्हणाल्या.

पहिल्या खेपेला चाचा चार फूट सरकले आणि बसले. दुसऱ्या खेपेला दोरी तुटली. पट्ट्या तिथंच राहिल्या, चाचा पुढे गेले. शेजारच्या तंबूतला बहरीनी म्हातारा चहाचा पेला खाली ठेवून टाळ्या वाजवू लागला. मी हसावं की गाडीत जाऊन बसावं, कळेना.

"मीनल!" चाचांनी नवी गाठ मारता मारता हाक मारली. "खाली जाऊन उभी राहा. तू रुख्साना."

"मी?"

"गेली तेव्हा तुझ्याएवढीच होती."

मी जाऊन उभी राहिले. चाचा धडपडत खाली आले, माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी टोपी काढली. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"हां. आता रागव."

"का?"

"ती रागावणार. मी तयार नको?"

"आय डोन्ट नो हाऊ, चाचा."

"असं कसं? तीन वर्षं फोन ठेवलाय मी तिचा. त्यावर रागव."

मी कपाळाला आठ्या घातल्या. पण रागाचं वाक्य काही सुचेना. जे खरंच कळत नव्हतं, तेच तोंडातून निघालं.

"का ठेवायचात फोन?"

पायातल्या पट्ट्यांसकट चाचा वाळूत बसले. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच बोलले. चटईवर बाबा चाचींना काही विचारत होते, पण चाची आमच्याकडेच बघत होत्या.

"तिनं नुसती 'अब्बा' म्हणून हाक मारली असती ना," चाचा वाळूकडे बघत म्हणाले, "तर त्याच मिनिटाला सगळा माफ केला असता मी. म्हणून ठेवायचो." मग त्यांनी वर पाहिलं. "पटंल हे?"

हे मला विचारत होते की रुख्सानाला, ते मला कळलं नाही. मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.

"परत विचार," चाचा म्हणाले. "आणि जरा जोरात."