केरोबाची केसाळ गाडी

एका जंगलात भांडण चाललं होतं. तुम्ही येऊन बसायच्या आधीपासूनच चाललं होतं, तेव्हा बाळांनो, मधे मधे विचारू नका. ऐका.

एकीकडे केरोबा अस्वल, दुसरीकडे त्याची बायको सगुणा, मधे त्यांची जुनी गाडी. दुपारी याच गाडीतून त्यांच्या लेकीची, मैनेची, पाठवणी व्हायची होती. व्याही नदीपाशी वाट बघत होते.

"गाडी वानराकडे टाका, म्हणाले होते मी," सगुणा म्हणाली.

म्हणाली होती खरी. पण गॅरेजवाला वानर आठ दिवस मागत होता. आधी गंज खरवडायचा, मग पत्रा घासायचा, मग अस्तराचा हात, मग रंग. केरोबाला वाटलं, रंगाखाली काय आहे ते बघायला व्याही काय गाडी चाटणार आहेत?

शेजारच्या कोल्ह्याकडे गुहेला देऊन उरलेला हिरवा रंग होता. तो फुकट मिळाला, म्हणून केरोबाला लगेच आवडला. कुंचला नव्हता. पण अस्वलाला कुंचल्याची काय कमी? त्याने पाठ रंगात बुडवली आणि गाडीला रगडली. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की त्याने दुसरा हातही दिला.

वाळल्यावर बघतो तो काय! गंजावरच्या रंगाला फोड आलेले. गुळगुळीत पत्र्यावरचा रंग पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला. आणि जिथे रंग टिकला, तिथे केरोबाच्या पाठीचे केस रुतून बसलेले. वारा आला की गाडीचे केस भुरभुरत.

केरोबा हार मानेना. थंडीत असली गाडी ऊब देते, असं त्याने सांगून पाहिलं. पलीकडच्या जंगलात हीच पद्धत आहे, असंही सांगून पाहिलं. मैना पायाकडे बघत उभी होती. त्याला मनातून तिचीच भीती वाटत होती.

"आणि व्याह्यांनी विचारलं तर?" सगुणा म्हणाली.

"सांग, घरच्या घरी केलंय," केरोबा म्हणाला. "आपल्या हातचं आहे."

सगुणेने गाडीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हिरव्या, टकल्या पाठीकडे पाहिलं. मैनेचं बोचकं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"पोर माझ्यावर गेलीय, ती ताठ मानेने पायी जाईल, गाडी तुमच्यावर गेलीय, तिला तुम्ही मागून घेऊन या."

तात्पर्य: बाळांनो, आपलं काम आपणच करावं. वानराने रंगवलेल्या गाड्या जंगलात पुष्कळ आहेत. लक्षात राहिली ती केरोबाची.