बार्नीची भजी

“ऑस्ट्रेलियन माणसाच्या काळजात शिरायला लागतं काय? एक टेपरेकॉर्डर आणि आपली चिकाटी!”

सूर्यकांत देवस्थळींनी मराठी मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली. समोरचा चहा नर्मदाताई खऱ्यांच्या साडीवर सांडला. सुरुवातच अशी झोकात झाली!

साल अठ्ठ्याण्णव. शारजात क्रिकेटची स्पर्धा रंगलेली आणि समालोचनाला बार्नी थॉर्नबी आलेला. हा ऑस्ट्रेलियाचा एकेकाळचा तुफान गोलंदाज. क्रिकेटवर तासभर बोलेल, पण घरचं काही विचारलं की पत्रकाराला सरळ दार दाखवील, अशी त्याची ख्याती. त्या बार्नीची खासगी, मनमोकळी मुलाखत मंडळाच्या स्मरणिकेसाठी आणायची, अशी सूर्यकांतरावांची घोषणा होती.

नर्मदाताई स्मरणिकेच्या संपादिका. त्यांनी आजवर सूर्यकांतरावांचे सगळे लेख साभार परत केले होते. “भाऊ, तुम्ही खुर्च्या किती छान मांडता! तेच करा की. उगाच पोपट व्हायचा तुमचा.”

हे मात्र वर्मी लागलं. दुबईत येऊन बारा वर्षं झाली, तरी मंडळात सूर्यकांतराव म्हणजे खुर्च्या! कार्यक्रम कुणाचाही असो, स्टेजवर दुसरे आणि खुर्च्या उचलायला हे.

“मुलाखत आणतो आणि शुक्रवारी माणूसही स्टेजवर आणतो! नाही आणला तर जन्मभर खुर्च्या मांडीन. वर पुसूनही देईन!”

“अहो, पण तुमचं इंग्रजी?” घरी आल्यावर त्यांच्या पत्नी साधनाताईंनी विचारलं.

“काय झालंय माझ्या इंग्रजीला?”

“निम्मं अरबी यल्ला आणि निम्मं खलास!”

सूर्यकांतरावांनी दुर्लक्ष केलं. त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता. ते एसीवाले. बार्नी उतरला होता त्या हॉटेलच्या एसींची देखभाल त्यांच्याच कंपनीकडे! आणि दैव बघा, दुसऱ्याच दिवशी तक्रार आली, साहेबांच्या खोलीतला एसी गरम हवा फेकतोय. एरवी ते टेक्निशियनला पाठवत. त्या दिवशी टाय लावून, खिशात टेपरेकॉर्डर घालून स्वतः गेले!

दार उघडलं. लालबुंद, घामाघूम बार्नी म्हणाला, “गड्डाय, माइट!” ‘गुड डे, मेट’चा तो ऑस्ट्रेलियन अवतार.

सूर्यकांतराव जागीच थबकले. गड्या? हा आपल्याला ‘गड्या’ म्हणाला! म्हणजे मराठी माणसांत वावरलेला दिसतोय!

त्यांनी पाना फिरवला, एसी घर्रर्र करून सुरू झाला. गार वाऱ्याचा झोत आला तसा बार्नीने डोळे मिटले. मिठी मारायचीच काय ती बाकी होती! सूर्यकांतरावांनी संधी साधली. “सर, युवर प्रायव्हेट लाइफ! व्हॉट नो न्यूजपेपर नोज!”

बार्नीने दार दाखवलं नाही. खाली बसला आणि ‘माय’चा ‘मी’ करत हळूच म्हणाला, “मी बजी, माइट. आय मिस मी बजी.”

एसीच्या घरघरीत सूर्यकांतरावांना स्वच्छ ऐकू आलं, ‘भजी’!

“यू लाइक भजी, सर?”

“लाइक? कान्ट स्लीप विदाउट हिम!”

भजीला ‘हिम’ म्हणतोय! केवढा हा जिव्हाळा! सूर्यकांतराव गहिवरले. “व्हिच कलर?”

“ग्रीन.”

हिरवी, म्हणजे पालकाची!

मग बार्नीने सगळं मन मोकळं केलं. आईने जाताना दिलेली शेवटची भेट होती ती. परदेशात असला की रोज पर्थला फोन करायचा, बायको फोन जवळ धरायची आणि ‘ही सिंग्ज टू मी’! डोळ्यांत पाणीच उभं राहिलं त्याच्या.

सूर्यकांतरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. कढई तापलेली, बायकोने फोन धरलेला आणि चुर्रर्र! ते गाणं ऐकून परमुलखात हा भीमकाय गोलंदाज शांत झोपतोय. वा रे भजीभक्त!

“फ्रायडे यू कम, सर! आवर फंक्शन!”

“फॉर यू, माइट? शुअर!” बार्नी एसीकडे प्रेमाने बघत म्हणाला.

घरी येऊन टेप लावली तर तिच्यावर नुसतं घर्रर्र! पण काय बिघडलं? मुलाखत डोक्यात होती. साधनाताईंना पातेलंभर पीठ भिजवायला सांगून ते पालक आणायला धावले.

शुक्रवारी दुपारी बर दुबईतला हॉल गच्च भरला. बार्नी खरंच आला! नर्मदाताईंनी स्वतः गुलाब दिला. सूर्यकांतराव माइकपाशी गेले आणि गरजले, “बार्नी सर, नो नीड टू क्राय नाऊ! टुडे वुई हॅव फ्राइड युवर भजी!”

बार्नीचा चेहरा पांढराफटक पडला. “यू डिड व्हॉट?”

“फ्राइड! इन हॉट ऑइल! माय वाइफ डन इट विथ ओन हँड्स!”

“ही’ज इन पर्थ!” बार्नी ओरडला.

“नो पर्थ, सर! इन किचन! वुई कट हिम, वुई पुट सॉल्ट…”

बार्नी उठला. त्याच्या मुठी आवळल्या. पहिली रांग मागे सरकली. साधनाताई परात घेऊन स्टेजवर येत होत्या, त्या तिथेच थिजल्या. झालं, खुर्च्या जन्माच्या मानगुटीवर बसणार!

तेवढ्यात कॉलेजातली शुभ्रा, त्यांची मुलगी, मागून किंचाळली, “बाबा, स्टॉप! बजी इज अ बर्ड! पेट पॅरट, बाबा!”

आत्ता कुठे सूर्यकांतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवा, चिमुकला, पिंजऱ्यातला पोपट! आईने दिलेला!

साधनाताईंनी कसंबसं एक भजं पुढे केलं. “स्पिनच, भाऊ. ओन्ली स्पिनच.”

बार्नीने ते हातात घेतलं. उलटंपालटं केलं. पंख कुठे दिसत नाहीत, याची खात्री करून घेतली. मग चावा घेतला. आणि मग तो असा हसत सुटला की माइक आडवा झाला! हसता हसता त्याने परातच मांडीवर ओढली. खिशातून मोबाईल काढला, पर्थला लावला आणि माइकशी धरला.

“चिव, चिव, चिक!”

हॉलने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं! पोरं “वन्स मोअर” ओरडायला लागली आणि पर्थच्या पोपटाने वन्स मोअर दिलासुद्धा! मग बार्नी आईबद्दल बोलला, लहानपणच्या भीतीबद्दल बोलला, कुठल्याच वर्तमानपत्राला ठाऊक नव्हतं ते सगळं बोलला. नर्मदाताई डोळे पुसत होत्या. शेवटी बार्नीने सूर्यकांतरावांना चक्क उचलून घेतलं. त्या दिवशी खुर्च्या नर्मदाताईंच्या यजमानांनी आवरल्या!

मुलाखत स्मरणिकेत पहिल्या पानावर आली, एक ओळही न कापता. सूर्यकांतराव महिनाभर जमिनीवर नव्हते.

पुढच्या हंगामात बार्नी टीव्हीवर समालोचन करत होता. षटक संपलं तसा सहज म्हणाला, “माझ्या बजीला आता एक जोडीदार आणलाय. दुबईतल्या एका जिवलग मित्राचं नाव ठेवलंय त्याला. सूर्यकांत!”

त्याच क्षणी देवस्थळ्यांचा फोन वाजला. नर्मदाताई होत्या. “भाऊ, मी म्हटलं नव्हतं? झालाच की तुमचा पोपट!”

“हो तर!” सूर्यकांतराव छाती फुगवून म्हणाले. “आणि तोही थेट ऑस्ट्रेलियात!”