दाजींच्या बुटांची पांढरी कड

आमचे शेजारी दाजी वालावलकर चालताना पाऊल वाकवत नसत. टाच आणि चवडा एकदम टेकवायचे, एकदम उचलायचे. वेंगुर्ल्याच्या बाजारात नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचे गुडघे गेले. गुडघे ठणठणीत होते. दाजी जपत होते तो बुटांचा रंग.

हे निळे बूट त्यांच्या मुलाने, विजयने, आखातातून पाठवले, त्याला पाच वर्षं झाली होती. तळाला दोन बोटं जाड पांढरी कड. तिच्यावरचा रंग उडून आतलं पिवळट रबर दिसू लागलं, तेव्हा दाजींनी बंदरावर जाऊन एका होडीवाल्याकडून उरलेला तेलरंग मागून आणला. "जो रंग दर्यात टिकता, तो बुटार टिकाचो नाय?" असं वर मलाच विचारलं. होडी चालताना वाकत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चार पावलांत रंग तडकला. दुसऱ्या कुणी रंग बदलला असता. दाजींनी चाल बदलली.

दर रविवारी त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हे काम चाले. दात घासायच्या जुन्या ब्रशाने कड धुवायची, पॉलिशपेपरने घासायची, निळ्या कापडाला डाग नको म्हणून डॉक्टरांकडची चिकटपट्टी लावायची, मग रंगाचा पातळ हात. तेवढ्यात माझी बायको शेजारी आमचं अंगण झाडायला आली की ओरडत, "गो, थांब! धूळ बसतली!"

"दाजीनू, बुटांक जेवान वाढू काय?" ती विचारी.

"नव्यासारके होतले बघ," एवढंच उत्तर.

एकदा विजयला फोटो पाठवायचा म्हणून ते मला स्टुडिओत घेऊन गेले. बूट पेपरात गुंडाळून काखेत, आणि स्वारी अनवाणी. खुर्चीत बसून बूट चढवले आणि फोटोग्राफरला बजावलं, "माझा तोंड नाय इला तरी चलात, बूट येवंक व्हये."

बूट चढवताना पाऊल वाकलं आणि चवड्याजवळचा टवका उडाला. दाजींनी खिशातून रंगाची बाटली आणि काडी काढली.

"ओल्यावरच काढतंय फोटो," फोटोग्राफर म्हणाला.

"नको रे. ओलो रंग चमकता. आताच लायलो म्हणान त्याका कळतला."

आता मात्र मी वैतागलो. "दाजीनू, विजयाक एक ओळ लिवा. नवे पाठवीत तो!"

"पाठवीत रे. थयच तर घोटाळो." बाटलीचं झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं. "रेडिओ बिघडलो म्हणान लिवलंय, रेडिओ इलो. थंडी वाजता म्हणान लिवलंय, ब्लँकेट इला. दर खेपेक पार्सल येता. तो येणा नाय. आता माका काय्येक कमी नाय, असा कळवतंय. पाठवूक काय उरला नाय, की तो आपणच येतलो."

इतके दिवस मी त्यांच्या चालीची नक्कल करून घरच्यांना हसवत होतो. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या हातातली काडी मी घेतली, खाली बसलो आणि टवक्याची जागा भरली.

तेलरंग वाळायला सबंध दुपार जाणार होती. फोटोग्राफरने दारातल्या गिऱ्हाइकाला "फाल्या ये" म्हणून उद्यावर ढकललं, दार लोटलं आणि स्टूल ओढून तोही आमच्याजवळ येऊन बसला.